रिकाम्या देवळीचा प्रश्न आणि कॅथलिक धर्मगुरूंचा अनुभव



अणदूर गावी नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातील माउलीने मला गेल्या वर्षी एक प्रश्न विचारला. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातील टाक आणि तसबिरी हलविल्या होत्या. भिंतीतील देवळी मोकळी झाली होती. ती माउली म्हणाली, "वकीलसाहेब, देव काढले ते बरे झाले. पण दिवेलागणीला हात आपसूक देवळीकडे जातो. तिथे आता काय ठेवू? आणि पोरांना म्हणायला काय शिकवू?" मी पडलो कायद्याचा मनुष्य. प्रतिज्ञापत्र कसे करावे, राजपत्रात नोंद कशी करावी, दाखल्यावर काय लिहून घ्यावे, हे मी तिला बसल्या बैठकीत सांगितले असते. देवळीत काय ठेवावे याचे कलम मात्र कोणत्याही अधिनियमात नाही. मी त्या दिवशी काहीतरी जुजबी बोलून उठलो, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

आमच्या अणदुरात हा प्रश्न इतर गावांहून अधिक बोचतो. खंडोबाची मूर्ती वर्षातील दहा महिन्यांच्या आसपास आमच्या गावी आणि उरलेला काळ नळदुर्गजवळ मैलारपुरास असते. तिच्या नेण्याआणण्याचा दोन गावांच्या मानकऱ्यांत करार होतो. (करारान्वये मुक्काम हलविणारा देव वकिलाच्या मर्जीतलाच म्हणावयाचा!) मूर्ती निघाली की सारा गाव रस्त्यावर येतो, हलगी वाजते, भंडारा उधळला जातो, आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या घरातील मुले दाराशी उभी राहून पाहतात. त्यांना 'तिकडे जाऊ नका' एवढे सांगून भागते काय? जाऊ नका म्हणणाऱ्याने कोठे यावे हेही सांगितले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यालाच प्रथम पडला असे मात्र नव्हे. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात एका नवख्रिस्ती माणसाने आपल्या पाद्रीला जवळजवळ हाच प्रश्न केला होता, आणि त्याच्या उत्तरादाखल मराठीत एक ग्रंथ निर्माण झाला. धर्मांतर केलेल्या घराने मराठी मुलखात कसे जगावे याचा सर्वांत दीर्घ अनुभव कॅथलिक ख्रिस्ती समाजापाशी आहे. त्यांच्या धर्मगुरूंनी काय साधले आणि ते कोठे चुकले, हे आपण पाहिले पाहिजे. आपल्याला त्यांचा धर्म घ्यावयाचा नाही. त्यांचा अनुभव घेण्यास कोणाची मनाई आहे?

थॉमस स्टीफन्स हे सुमारे तीस वर्षांचे इंग्रज गृहस्थ १५७९ सालच्या ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्यास लागले. ते जेझुइट म्हणजे येशूसंघाचे. स्वदेशी इंग्लंडात त्या काळी कॅथलिक होणे हाच गुन्हा झाला होता, म्हणून ते रोमला गेले आणि तेथून पोर्तुगीज जहाजाने इकडे आले. १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे उभे आयुष्य गोव्यात, बव्हंशी सासष्टी प्रांतात गेले. तेथे ते लोकांची बोली शिकले, तिचे व्याकरण रचले आणि मराठी पुराणग्रंथ वाचले. आपल्या पुराणाच्या आरंभी त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. ख्रिस्ती शिकवण ऐकावयास बसलेला एक ब्राह्मण उठून विचारतो की, ही शिकवण बरी आहे. परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हास दुसरे काही का देत नाही? विषय निराळा, काळ निराळा, पण हा अणदूरच्या माउलीचाच प्रश्न आहे.

स्टीफन्स यांनी दिलेले उत्तर म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या, दोन भाग. पहिल्यात बायबलचा जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पोथीची भाषा मराठी, तीत कोकणीचे मिश्रण. त्यांनी स्वर्गास वैकुंठ म्हटले आणि ग्रंथास पुराण म्हटले. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीच्या घाटात जेरुसलेमची कथा बसविली. हे नुसते भाषांतर नव्हते. ऐकणाऱ्याच्या कानात जी चाल आधीच घर करून होती, तीच चाल घेऊन ते त्याच्या घरात शिरले. १६४९ आणि १६५४ साली हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. पुढे छापील प्रती नाहीशा झाल्या तरी हस्तलिखित नकलांनी तो जगविला. गोव्याहून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला, आणि १९०७ साली मंगळुरास त्याची नवी आवृत्ती निघाली. देवनागरी लिपीत तो पुण्यास शांताराम बंडेलू यांनी प्रसिद्ध केला, ते साल होते १९५६. आपल्या धर्मांतराचेच साल! हा योगायोगच आहे, त्यातून मी काही अर्थ काढू इच्छीत नाही. तथापि तारीख आली की वकिलाची लेखणी थांबतेच.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या ब्राह्मणाने तो प्रश्न मोकळ्या हवेत विचारला नव्हता. 'तुम्ही आमची पुराणे बंद केलीत' या त्याच्या बोलण्यात राज्यसत्तेची तलवार आहे. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायासन बसले होते. मधल्या थोड्या वर्षांचा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालले. ते नेमावे अशी विनंती पोर्तुगालच्या राजास पत्राने करणाऱ्यांत सेंट फ्रान्सिस झेवियर होते, ज्यांच्या दर्शनास आजही लाखो लोक जुन्या गोव्यास जातात. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी त्या गावच्या प्रमुखांना बोलणी करावयास बोलावून मारले. कायद्याची भाषा अशी की, जबरदस्तीने मिळविलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. फादर स्टीफन्स स्वतः मृदू स्वभावाचे असतील, त्यांच्या ओवीत गोडवा असेल, परंतु त्या ओवीच्या पाठीशी फौज उभी होती हे विसरून तिचे गुणगान करता येत नाही. आपल्या बाजूस नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे लाखो लोक जमले त्यांच्यामागे फौज नव्हती, सरकार नव्हते; उलट सवलती जाण्याचा धोका समोर होता. एवढा फरक ध्यानी ठेवून पुढे जाऊ.

स्टीफन्स यांच्यामागून त्यांच्या ओवीचे काय झाले? १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांच्या आत लोकांनी स्वतःची बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत पाद्रीने पुराण रचले त्या भाषेवरच राज्यकर्ते उठले. आणि दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. ख्रिस्तपुराण लोक गात राहिले, परंतु वेदीवरची मुख्य उपासना, ज्यास मिस्सा म्हणतात, ती लॅटिनमध्येच चालली. शेतकरी, कोळी, रेंदेर, बाया, पोरे गुडघे टेकून न कळणारे शब्द ऐकत. ही स्थिती पालटण्यास दुसरी व्हॅटिकन परिषद भरावी लागली. तिने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेस उपासनेत जागा दिली. १६१६ पासून मोजा, साडेतीनशे वर्षांस थोडीच वर्षे कमी!

हे वाचून आपण हसू नये. आपल्या विहारात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणणाऱ्या किती मुलांना त्या तीन ओळींचा अर्थ सांगता येतो, हे आपण एकदा तपासून पाहावे. पाली सोडा असे मी म्हणत नाही. पालीचा एक शब्द लंकेपासून जपानपर्यंत आपले नाते जोडतो. परंतु पूज्य बाबासाहेबांनी नागपूरला त्रिशरण-पंचशील पालीत घेतले आणि लागलीच बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या, यातील मर्म ओळखावे. शरण जावयाचे शब्द प्राचीन असोत. काय सोडले आणि काय स्वीकारले हे मात्र माणसाने आपल्या आईच्या भाषेत, समजून उमजून बोलावे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बौद्धांना बायबलासारखा एक सुटसुटीत ग्रंथ हवा असे स्पष्ट मांडले होते, आणि पुढे तो स्वतः लिहिलाही. म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंपासून काय घ्यावे याचा विचार आपल्या नेत्याने आपल्या आधीच केला होता. आपल्या आयाबहिणी तर त्याही पुढे गेल्या. कोणी न सांगता त्यांनी जात्यावरच्या ओवीत भीमराव आणला, बुद्ध आणला. त्यांना एखाद्या स्टीफन्सची वाट पाहावी लागली नाही.

आता स्टीफन्स यांच्या वारसाबद्दल. आपल्या जिल्ह्याने तो वारस पाहिला आहे. २०२० सालच्या जानेवारीत, शहराचे नाव अद्याप उस्मानाबाद होते तेव्हा, तेथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेले हे पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांची निवड जाहीर होताच काही मंडळींनी विरोध सुरू केला; धर्मप्रसारकाच्या हाती मराठीचे निशाण कसे द्यावयाचे, असा त्यांचा सूर होता. वस्तुतः या माणसाने 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षे चालविले, संतवाङ्मयाचा अभ्यास केला, 'सुबोध बायबल' मराठीत आणले, हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे वसईच्या बागायती आणि पाण्यासाठी रस्त्यावर लढा दिला. पाठीचे दुखणे घेऊन ते आमच्या जिल्ह्यात आले. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले.

मी त्या मांडवात मागच्या बाजूस उभा होतो. माझ्या मनात आले की, ज्या समाजाने चार शतके 'तुम्ही परके' हे ऐकले, त्यातला एक धर्मोपदेशक गळ्यातील क्रूस न काढता मराठीच्या सर्वोच्च पीठावर बसला आहे. त्यांनी आपला धर्म लपविला नाही आणि मराठीवरचा हक्कही सोडला नाही. आपल्यातील पुष्कळ शिकलेले तरुण नोकरीच्या ठिकाणी आडनाव बदलतात, भिंतीवरची तसबीर पाहुणे आले की आत नेतात. त्यांनी दिब्रिटोंचे 'नाही मी एकला' हे आत्मचरित्र मिळवून वाचावे. (संमेलननगरीला गोरोबाकाकांचे नाव होते. गोरोबाचे गाव तेर. आणि तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. वास्तूही धर्मांतर करतात, पण ते निराळ्या लेखाचे काम.)

येथवर मी कॅथलिक धर्मगुरूंचे ऋण मोकळेपणाने मांडले. आता त्यांचा दोष मांडतो, आणि बंधूंनो, आपल्या दृष्टीने या लेखाचे महत्त्वाचे अंग तेच आहे.

गोव्यात माणूस ख्रिस्ती झाला, पण बामण बामण राहिला, चारदो चारदो राहिला, सुदीर सुदीर राहिला. चर्चची जी भ्रातृमंडळे, ज्यांस कोंफ्रारिया म्हणतात, तीही जातवार वाटली गेली. सणाला कोणत्या रंगाची झूल कोणी पांघरावी, मिरवणुकीत मान कोणाचा, यावर भांडणे होत राहिली. ख्रिस्तपुराण मागणारा प्रश्नकर्ता ब्राह्मण होता, याकडेही डोळेझाक करू नका. नव्या धर्मातही पहिला प्रश्न विचारण्याचा आणि पहिले उत्तर मिळण्याचा मान जुन्याच श्रेणीने ठरविला.

दक्षिणेत तर हे धोरण म्हणून स्वीकारले गेले. रॉबर्टो दे नोबिली हे इटालियन जेझुइट १६०६ साली मदुरेस आले. त्यांनी भगवी वस्त्रे घातली, तमिळ व संस्कृत आत्मसात केली, मांसाहार सोडला, आणि उच्चवर्णीयांना बाटल्याची भीती वाटू नये म्हणून आपल्याच धर्मबंधू पाद्रीपासून व खालच्या मानलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळे राहू लागले. वाद रोमला गेला. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी जानवे, शेंडी, गंध यांस अटी घालून परवानगी दिली. पुढे अस्पृश्य मानलेल्यांसाठी निराळे पाद्री नेमण्यात आले. ब्राह्मणांचा पाद्री वेगळा, पारियांचा पाद्री वेगळा! आजारी पारियाच्या झोपडीत अंत्यविधी करावयास पाद्रीने जावे की न जावे, याविषयी १७०४ साली पाँडिचेरीत पोपच्या प्रतिनिधीला, तूर्नों यांना, हुकूम काढावा लागला की जावेच. मरणाऱ्या माणसाच्या उंबऱ्याबाहेर प्रभू येशूच्या सेवकाने अडून राहावे, आणि त्याला आत ढकलण्यास रोमहून माणूस यावा लागावा, याहून लज्जास्पद दुसरे काय? त्यानंतरही हा वाद १७४४ पर्यंत धुमसत राहिला. तिरुचिरापल्लीतील एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत आपल्या काळापर्यंत उभी राहिली. माती झाल्यावरही सोवळे!

फादर स्टीफन्स आणि दे नोबिली हे एकाच संघाचे, एकाच काळाचे, दोघेही विद्वान. दोघांनीही लोकांच्या संस्कृतीत शिरण्याचे ठरविले. परंतु संस्कृती म्हणजे नेमके काय, हे ठरविताना भाषा, ओवी, फुले, दिवा यांच्याबरोबर जातही आत आली. दे नोबिलींनी तर तिला पानसुपारी देऊन बोलाविले. त्यांचा हिशेब असा होता की, वरचे आले म्हणजे खालचे मागोमाग येतील. हिशेब चुकला. वरचे फारसे आले नाहीत. खालचे पुष्कळ आले, आणि त्यांना मागच्या बाकावर बसविण्यात आले.

पूज्य बाबासाहेबांनी या विषयावर लिहून ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालिकेतील पाचव्या खंडात अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती या विषयांवरील दोन निबंध आहेत. मिशनऱ्यांच्या शाळा-इस्पितळांच्या कामाची दखल ते घेतात. परंतु दक्षिणेतील अस्पृश्य ख्रिस्ती बांधवांनी सायमन कमिशनपुढे मांडलेले गाऱ्हाणेही पुढे ठेवतात, की धर्म बदलला, पण दशा पालटली नाही. १९३५ ते १९५६ या काळात बाबासाहेब कोणत्या धर्माचा काय विचार करीत होते हे समजावयाचे असेल तर ते निबंध अवश्य वाचावेत. त्यांनी केवळ देव बदलण्याचा विचार केला नव्हता. उतरंड मोडते की नाही, ही त्यांची कसोटी होती.

न्याय्य म्हणून हेही सांगतो की कॅथलिक चर्चने अलीकडे आपला दोष कबूल केला आहे. २०१६ सालच्या डिसेंबरात भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि चर्चमध्ये जातिभेद चालतो हे लेखी मान्य केले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, त्या पदावर पोहोचलेले पहिले दलित. आणि त्याच येशूसंघातून, त्याच तिरुचिरापल्ली जिल्ह्यातून फादर स्टॅन स्वामी निघाले. त्यांनी झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आणि खटल्याविना तुरुंगात सडणाऱ्या कच्च्या कैद्यांसाठी आयुष्य वेचले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांस अटक झाली. कंपवातामुळे पेला धरवत नाही म्हणून पाणी पिण्यास नळी मिळावी, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कोणताही आरोप सिद्ध झालेला नसताना मुंबईच्या इस्पितळात ते मरण पावले. दे नोबिलींपासून स्टॅन स्वामींपर्यंत येण्यास त्या संघाला चारशे वर्षे लागली. पण तो आला.

आता मी वकील म्हणून बोलतो, आणि येथे आपल्यातील काहींना राग येईल. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद धर्म पाहून जात ठरवितो. मुळात तो हिंदूंपुरता होता. त्यावेळी शिखांतील मोजक्याच जातींना जागा होती. १९५६ साली शीख समाविष्ट झाले आणि १९९० साली बौद्ध. दीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्र सरकारच्या दारात आपण 'तुम्ही आता अस्पृश्य नाही' हे उत्तर ऐकत होतो. वाड्याबाहेरची वस्ती तीच, विहीर तीच, शिवी तीच. कागदावर मात्र आपण मुक्त! ख्रिस्ती झालेला दलित बांधव आजही तेच उत्तर ऐकत आहे. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सूसाई यांनी चर्मकारांना सरकार देते ती टपरी मागितली. ती ख्रिस्ती म्हणून नाकारण्यात आली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे असे की, धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून पुरत नाही. जुन्या धर्मातील हाल नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेने सोसावे लागतात हे पुराव्याने दाखवावे लागेल. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून सोडवावा अशी शिफारस केली. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला.

आपल्यातील काहीजण म्हणतात, ते आले तर आपल्या ताटातील घास कमी होईल. चिंता खोटी नाही. गरिबाच्या घरी पाहुणा आला की भाकरी मोजाव्याच लागतात. तर मग ताट मोठे करा ही मागणी त्यांच्याबरोबरीने करू. परंतु १९९० पूर्वी आपल्याविरुद्ध जो युक्तिवाद केला जात होता, 'धर्म सोडलात, आता हक्क कसले मागता?', तोच आपण आपल्या तोंडाने दुसऱ्या धर्मांतरितास ऐकवावा, हे मला कायद्याने पटत नाही आणि धम्माने तर त्याहून पटत नाही. नव्या धर्मात समता सांगितली आहे म्हणून ती गावात आलीच असे धरून चालणारा कायदा, दुखणे तपासण्याऐवजी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचतो.

त्या माउलीकडे मी महिन्याभराने पुन्हा गेलो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची मराठी प्रत नेली, आणि सांगितले की देवळीत हा ठेवा, पण ठेवून देऊ नका. रोज दिवेलागणीला एक पान मोठ्याने वाचा, मुलीलाच वाचावयास लावा, आणि अडेल तो शब्द विचारा. तिने ग्रंथ घेतला, पदराने पुसला, देवळीत ठेवला. मग चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "वकीलसाहेब, मोठीला सोलापूरकडचे एक स्थळ आले आहे. मंडळी बौद्धच आहेत, पुढाकारातली आहेत. फोटो झाला, शिक्षण विचारून झाले. आता निरोप आला आहे की, तुम्ही मूळचे सोमवंशी की लाडवण, तेवढे कळवा. काय कळवू?"

मी विचारले, तुमचा विचार काय आहे? ती देवळीकडे पाहत राहिली. मुलगी आतून म्हणाली, "आई, कळवू नकोस काही."